शिळेखालची वाळू

तवसखोलच्या किनाऱ्यावरचा काळा तंबू दिवसा भट्टीसारखा तापायचा. दुहेरी कापड, मधे रबराचा थर आणि दाराला दोन पडदे. बाहेरचा लावल्याशिवाय आतला उघडायचा नाही, असा सक्त नियम. आत उजेड म्हणाल तर एका मंद तांबड्या दिव्याचा. शिबिरातली पोरं तिथे दहा मिनिटंही टिकत नसत. वैजयंती नाटेकर मात्र मानेवर ओला पंचा टाकून रोज पाच-सहा तास आत बसायची. साठ वर्षांची बाई. चिपळूणच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं सहायक होती. निवृत्त झाल्यावर ती उन्हाळी उत्खनन शिबिरात स्वयंसेवक म्हणून यायला लागली. पहिल्या वर्षी तिने घमेली उचलली, दुसऱ्या वर्षी खापरं धुतली. या वर्षी, म्हणजे २०४३ साली, शिबिरात नवं यंत्र आलं, आणि ते कुणाच्या हाती द्यायचं हे ठरवायला शिबिरप्रमुख डॉ. ऋजुता कारखानीसांना फार वेळ लागला नाही.

तवसखोल हे वैजयंतीचं माहेर. तिचा थोरला भाऊ श्रीधर भाटकर गावातल्या शाळेत गुरुजी होता आणि सगळं शिबिरच मुळी त्याच्यामुळे उभं होतं. २०१९च्या सप्टेंबरात, पावसाळा सरत असताना, त्याला पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत, अर्धी उघडी पडलेली एक काळी शिळा दिसली होती. तिच्यावर ब्राह्मी लिपीत साडेतीन ओळी होत्या. गलबत चालवणाऱ्या कुणा तांडेलाने बंदराच्या धक्क्याला पायऱ्या बांधण्यासाठी दिलेल्या दानाची ती नोंद होती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथे बंदर होतं.

त्याच वर्षी सरकारला या पट्ट्यात कोळशाचं नवं बंदर बांधायचं होतं. जागा दोनच योग्य होत्या. एक तवसखोल, आणि दुसरी उत्तरेला नऊ किलोमीटरवरचं करंजखोल. शिळा सापडली आणि तवसखोलचा किनारा संरक्षित झाला. बंदर करंजखोलला गेलं. करंजखोलची एकशे साठ घरं उठली, नारळी-पोफळीची आगरं बुलडोझरखाली गेली.

करंजखोल हे वैजयंतीचं सासर होतं.

तिचा नवरा अनंत चिपळूणच्या दोन खोल्यांत सहा वर्षं जगला. गॅलरीत खुर्ची टाकून तो समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचा. तो गेला तेव्हा श्रीधरने बहिणीला एकटं पडू दिलं नाही. दर गणपतीला, दर शिमग्याला स्वतः गाडी घेऊन न्यायला यायचा. "हे घर तुझंच आहे, वैजू," म्हणायचा. आणि ते नुसतं बोलणं नसायचं.

*

नव्या यंत्राचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. शिबिरात सगळे त्याला अस्तमापी म्हणत, कारण वाळूच्या कणावरचं शेवटचं ऊन कधी मावळलं, हे ते सांगायचं.

पहिल्याच दिवशी वैजयंतीने मुलांना ते समजावून सांगितलं होतं. वाळूतला गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, कण जमिनीत गाडला गेला की भोवतालच्या मातीतली अगदी किंचित, निरुपद्रवी किरणं त्याच्यावर सतत आदळत राहतात. त्या धक्क्यांनी कणातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या बारीक खळग्यांमध्ये अडकून बसतात. जितकी वर्षं अंधारात, तितके जास्त अडकलेले. पण त्या कणाला ऊन लागलं की क्षणात सगळे सुटतात आणि खळगे रिकामे होतात. पाटी कोरी. पुन्हा गाडला की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. म्हणून वाळू अंधारात, बंद नळीत घ्यायची, अंधारातच तिच्यावर ठरावीक निळा झोत टाकायचा आणि सुटणारे इलेक्ट्रॉन जो पुसट उजेड देतात तो मोजायचा.

हे तंत्र तसं जुनंच होतं. पण पूर्वी त्याला महिने लागत, आणि शंभर वर्षांच्या आतलं काही धड सांगता येत नसे. अस्तमापी एकेका कणाचा उजेड वेगळा मोजायचा, तोही सुटा सुटा प्रकाशकण टिपून, आणि बाराशे कण तासाभरात. जुन्या थरांत चूक फार तर वीस वर्षांची. अलीकडच्या थरांत दहा दिवसांची.

निघाल्यापासून दोनच वर्षांत या यंत्राने देशभर बरीच उलथापालथ केली होती. नदीतली वाळू कधी उपसली, शेताच्या बांधाचा दगड कधी सरकवला, कुठली कबर कधी खणली, हे सगळं कोर्टात आकड्यांनी सिद्ध व्हायला लागलं होतं. आणि त्या आकड्यांत कुणाला ढवळाढवळ करता येऊ नये म्हणून दिवसभराची सगळी मोजमापं रोज संध्याकाळी पाच वाजता आपोआप केंद्रीय नोंदणीत जात आणि कायमची कुलूपबंद होत.

*

शिळा हलवायची वेळ याच वर्षी आली. समुद्र दरसाल दोन-तीन मीटर आत सरकत होता. आणखी दोन पावसाळे गेले असते तर शिळेवरची शेड पाण्यातच गेली असती. ती जागची हलवू नये असा कोर्टाचा आदेश होता, म्हणून इतकी वर्षं तिच्याखाली कुणी बोटही घातलं नव्हतं. आता संग्रहालयात नेण्याची परवानगी मिळाली होती.

एकट्या श्रीधरने विरोध केला. "भिंत बांधा पुढे. दगड टाका. पण तिला हलवू नका," तो डॉ. कारखानीसांना पुन्हा पुन्हा सांगत होता. सदुसष्ट वर्षांचा, ताठ चालणारा माणूस; बोलताना त्याचा आवाज कापत होता. वैजयंतीला वाटलं, माया आहे, दुसरं काय.

शिळा उचलताना बंदर कंपनीचा माणूस हजर होता. संकेत मिरजकर त्याचं नाव. कंपनीला आता दक्षिणेकडे, तवसखोलपर्यंत वाढायचं होतं, आणि किनाऱ्याचं संरक्षण काढावं या तिच्या अर्जावर जूनमध्ये सुनावणी होती. त्यामुळे निरीक्षक पाठवायचा हक्क तिने कोर्टातून मिळवला होता. मिरजकर सभ्य होता. सगळ्यांना पाणी आणून द्यायचा, आणि सगळं टिपून घ्यायचा.

सकाळी साडेनऊला साखळीच्या कप्पीने शिळा एका बाजूने वीतभर वर आली. काळं कापड अंगावर ओढून वैजयंती पालथी पडली आणि तिने शिळेखालच्या वाळूत एकामागून एक दोन पोलादी नळ्या ठोकल्या. त्यांना झाकणं लावली, काळ्या पिशवीत घातल्या. नियमच होता तो. एक नळी मोजायची, दुसरी सीलबंद राखून ठेवायची. पहिलीत काही बिघाड झाला तरच दुसरी उघडायची.

शिळा पूर्ण वर आली तेव्हा खालच्या खड्ड्यात ऊन पडलं. आता तिथल्या वाळूची पाटी कोरी झाली होती. जे काही सांगायचं ते त्या दोन नळ्याच सांगणार होत्या.

*

यंत्र नळीतली वाळू दोन वाट्यांत मोजायचं. दोन्ही वाटे जुळले तरच नोंद पक्की. पावणेबाराला पहिला वाटा संपला आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत आकडा आला.

चोवीस वर्षं, दोन महिने. दहा दिवस कमी-जास्त.

वैजयंतीने यंत्र तपासलं. निळा झोत तपासला. कणांची यादी वर-खाली केली. खेकड्यांनी उकरलं असेल तर काही कण नवे, काही जुने असे मिसळून यायला हवे होते. बाराशेपैकी साडेअकराशे कण एकच तारीख सांगत होते. दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणवणारी शिळा फेब्रुवारी २०१९मध्ये तिथे ठेवली गेली होती. सापडण्याच्या सात महिने आधी.

मग कुणीतरी तिला ढकलावं तशी ती आठवण आली. एकवीस फेब्रुवारी. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. करंजखोलच्या अंगणात पंगत उठली होती, आणि श्रीधरदादा टेम्पो घेऊन आला होता. का टेम्पो? तर कुठून तरी चिरे आणायचे होते. जाताना तो रिकामा टेम्पो मागल्या दारी लावून अनंतला म्हणाला होता, "आमच्याकडे कपडे धुवायला धड धोंड नाही. ही तुमची नेऊ का?" अनंत म्हणाला, "न्या की, त्यात काय विचारायचं!" आणि चार माणसं बोलावून त्याने स्वतः हात लावून ती धोंड टेम्पोत चढवून दिली होती.

काळी, लांबट, एका कोपऱ्याला टवका उडालेली. बारा वर्षं वैजयंतीने तिच्यावर कपडे धुतले होते. खालची बाजू मात्र तिने कधी पाहिली नव्हती. आणि पुळणीत जी शिळा शेडखाली, काचेखाली होती, तिची सगळ्यांना दिसायची ती बाजू नेमकी ही खालची होती.

आकडा नाहीसा व्हावा म्हणून तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो तसाच होता.

"वैजू, आहेस का?" बाहेरून श्रीधरचा आवाज आला.

"बाहेरचा पडदा लाव आणि मग आत ये," ती म्हणाली.

तो आत आला आणि अंधारात चाचपडत स्टुलावर बसला. जरा वेळाने त्याला पडद्यावरचा आकडा दिसला. त्याने काही विचारलं नाही. त्यावरूनच तिला सगळं कळलं.

"टेम्पो घेऊनच आला होतास," ती म्हणाली. "म्हणजे आधीच माहीत होतं तुला."

"जानेवारीत आलो होतो तेव्हा कळलं. हात धुवायला मागे गेलो. धोंडीखालची माती वाहून गेली होती, ती डगडगत होती. खाली दगड सारायला हात घातला, तर हाताला अक्षरं लागली. मी आधी कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन रात्रभर विचार केला. मग श्राद्धाला आलो."

"आणि दुसऱ्या दिवशी पुळणीत पुरलीस."

"दोन मजूर होते. परमुलखातले. खड्डा खणून, आडवी टाकून मोकळे झाले. त्यांना काय कळणार?"

"दुपारी?"

"रात्री होड्यांची माणसं असायची किनाऱ्यावर. दुपारी कुणी नसायचं."

"रात्री केलं असतंस तर या यंत्राला काही कळलंच नसतं, दादा. खड्ड्याला ऊन लागलं म्हणून कळलं."

बाहेर पोरांचा गलका चालला होता. शिळा गवताच्या पेंढ्यांवर ठेवून खोक्यात बसवत होते.

"आमच्या घरामागे होती ती," वैजयंती म्हणाली. "तिथेच राहू दिली असतीस, तर आमचं गाव राहिलं असतं."

"दोन्हीपैकी एकच राहणार होतं, वैजू. तुमच्याकडे निम्मी माणसं बंदराला हो म्हणत होती. नोकऱ्या मिळतील म्हणत होती. इथे एक घर हो म्हणत नव्हतं."

"अनंत हो म्हणत होता?"

तो पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिला.

"दादा, मी विचारतेय. अनंत हो म्हणत होता?"

"नाही."

"सहा वर्षं तो त्या टाकीकडे बघत बसला. तू यायचास. त्याच्या शेजारी बसून चहा प्यायचास."

"म्हणूनच यायचो," श्रीधर म्हणाला. "दर वेळी वाटायचं, आज सांगावं. तो म्हणायचा, गुरुजी, तुमचं गाव तरी वाचलं, बरं झालं. मग माझ्याच्याने बोलवायचं नाही."

यंत्राची घरघर थांबली होती. दुसऱ्या वाट्याची वाळू अजून नळीतच होती आणि नळी वैजयंतीच्या हातात होती. श्रीधरने तिकडे पाहिलं.

"हे पाचला वर जाणार ना?"

"दुसरा वाटा जुळला तर."

"आणि नाही जुळला तर?"

"तर नोंद बाद."

"जूनमध्ये सुनावणी आहे," तो म्हणाला. "दोनशे ऐंशी घरं आहेत गावात. माझं सोड, मला फाशी दे. पण ही पोरं, या होड्या... त्यांनी काय केलंय? करंजखोल गेलं ते आता परत येणार आहे का? तुझ्या पाया पडतो, वैजू."

"पाया नको पडू. मला विचार करू दे."

आणि खरं सांगायचं तर तिचा विचार त्याच्याच बाजूने झुकला होता. समोरच्या आळीतली कालिंदी, तिची नवी होडी, शाळेमागचं सुरूचं बन, बालपणापासूनचा तो सगळा किनारा तिच्या डोळ्यांपुढे आला. एक ओळ लिहायची, नमुन्याला ऊन लागलं. दुसऱ्या नळीबद्दलही तेच लिहायचं. प्रयोगशाळेत सतरा वर्षांत तिने एक आकडा खोटा लिहिला नव्हता, पण सतरा वर्षांत असा आकडाही कधी समोर आला नव्हता. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, जवळजवळ.

श्रीधर उठला. तिला वाटलं, जातोय. त्याने आतला पडदा सरकवला आणि मागे वळून तिच्या हातातल्या नळीचं झाकण झटक्यात काढलं. मग बाहेरचा पडदा ओढला.

एप्रिलचं भर दुपारचं ऊन पांढरं होऊन आत घुसलं. वैजयंतीने नळी पोटाशी धरली, पण उशीर झाला होता. वाळू चमकली. झालं.

"झालं," श्रीधरही म्हणाला. तो धापा टाकत होता, डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा दिसत होता. "सुटलो ग, वैजू. तुझ्या हातून नको होतं ते. मी केलं. माझ्या डोक्यावर." त्याने पंचाने तोंड पुसलं. "आज घरी ये जेवायला. तुझ्या वहिनीने खडकावरची कालवं आणली आहेत."

तो निघाला. वैजयंती दारातच उभी राहिली. कालवं, तिच्या मनात आलं. चोवीस वर्षांनी खरं बोलला, आणि खरं बोलल्यावर पहिली गोष्ट आठवली ती कालवं. अनंतचं नाव तिने काढलं म्हणून निघालं. त्याने आपणहून काढलं नव्हतं.

मिरजकर वाळूतून तंबूकडे येत होता. "नाटेकरबाई, तंबू उघडा कसा? आकडा आला?"

"पहिल्या नळीला ऊन लागलं."

"अरे वा." तो हसला नाही. वही काढली. "नेमकं आजच?"

श्रीधर वीसेक पावलांवर होता. वैजयंतीने त्याच्या पाठीकडे पाहिलं.

"हो, आजच," ती म्हणाली. "दुसरी लावतेय."

ती पाठ जागीच थांबली. श्रीधर वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग सुरूच्या बनाकडे चालत गेला.

*

तिने दोन्ही पडद्यांच्या दोऱ्या आतून बांधल्या, त्यावर पुन्हा गाठी मारल्या आणि दुसऱ्या नळीचं सील तोडलं. यंत्र चालू केलं. वाळू बशीत नीट पडेना. तिने हात पुसून पुन्हा केलं.

अडीच वाजता बाहेर पावलं वाजली. कुणीतरी तंबूपाशी येऊन उभं राहिलं. कापड काळं आणि दुहेरी. सावली दिसणारच नव्हती. पण श्वास ऐकू येत होता. दोरी एकदा ताणली गेली. वैजयंतीने बशीवर दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि तशीच बसून राहिली. दोरी सैल झाली. पावलं गेली.

पहिला वाटा चोवीस वर्षं, दोन महिने. दुसरा वाटा चोवीस वर्षं, दोन महिने. नोंद पक्की.

खाली शेरा लिहायला जागा असते. बहुतेक जण ती मोकळी सोडतात. चार वाजून चाळीस मिनिटांनी तिने लिहिलं: "शिळेची मूळ जागा करंजखोल. कै. अनंत गोविंद नाटेकर यांच्या घरामागची कपडे धुण्याची धोंड. २१ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथून हलवली. हे मला माहीत आहे, कारण ते घर माझं होतं." कुणी हलवली, ते तिने लिहिलं नाही. लिहायला घेतलं आणि खोडलं.

पाच वाजता पडद्यावरचा छोटा दिवा हिरवा झाला.

सव्वापाचला डॉ. कारखानीस तंबूत आल्या. पहिल्या शिबिराला त्या विद्यार्थिनी म्हणून आल्या होत्या. आता केस पिकले होते. त्या रागावतील असं वैजयंतीला वाटलं होतं. त्या उपड्या घमेल्यावर बसल्या.

"वैजूताई, बावीस वर्षं खणतोय आम्ही इथे."

"हो."

"बंदर सापडत नाही म्हटलं की मी सांगायचे, समुद्राने नेलं असेल. पोरांना शिकवायचे तसं." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आणि ते तिकडे कोळशाखाली."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीधर आपणहून डॉ. कारखानीसांकडे गेला. शेऱ्यात जे नाव नव्हतं ते त्याने सांगितलं, लिहून दिलं आणि खाली सही केली. शाळेतला त्याच्या सत्काराचा फोटो त्याच आठवड्यात उतरला. गावातली माणसं त्याच्याशी बोलायची थांबली नाहीत. ती वैजयंतीशी बोलायची थांबली. कालिंदीने तिला समोरून येताना पाहून वाट बदलली. शिबिर संपायची वाट न पाहता वैजयंती चिपळूणला परतली. त्या वर्षी भाऊबीजेला तिच्याकडे कुणी आलं नाही, तिनेही कुणाला बोलावलं नाही.

मिरजकर खुशीत होता, पण चारच दिवस. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला.

"नाटेकरबाई, आकडा उत्तम आहे. तो राहू दे. फक्त तो शेरा मागे घ्या. आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

"का हो? शेऱ्याने काय बिघडलं?"

तो स्पष्ट बोलला नाही, पण तिला कळलं. शिळा तवसखोलची नसेल तर तवसखोलचं संरक्षण जाणार, हे कंपनीला हवं होतं. पण ती करंजखोलची असेल, तर दोन हजार वर्षांचं बंदर कंपनीच्या स्वतःच्या आवारात, कोळशाच्या ढिगांखाली होतं. तिने शेरा मागे घेतला नाही. ऑगस्टमध्ये शिळेच्या अक्षरांत अडकलेल्या मातीचा अहवाल आला. ती पुळणीतली नव्हती. आगरातली तांबडी माती होती आणि करंजखोलच्या उरलेल्या एका तुकड्यातल्या मातीशी तंतोतंत जुळत होती. तवसखोलच्या पुळणीचं संरक्षण निघालं. पण कंपनीने दक्षिणेकडच्या वाढीचा अर्ज गुपचूप मागे घेतला. आवारात कोण कोण खणायला येईल, याची तिला जास्त धास्ती होती. तवसखोल राहिलं. का राहिलं, हे मात्र वैजयंतीकडे येऊन कुणी बोललं नाही.

*

पुढच्या एप्रिलात शिबिर करंजखोलला भरलं. बंदराच्या भिंतीबाहेर, रस्ता आणि खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी कोर्टाने मोकळी करून दिली होती. डॉ. कारखानीसांनी उठवलेल्या गावातल्या लोकांना बोलावणं धाडलं होतं. चौदा जण आले. वैजयंतीचा दीर मनोहर खेडच्या पुनर्वसन वसाहतीतून आला, पासष्टाव्या वर्षी. फाटकापाशी बसून तो स्वयंसेवकांची नावं लिहून घ्यायचा. पहिल्या दिवशी तो भिंतीपलीकडच्या यांत्रिक हातांकडे बघत म्हणाला, "वहिनी, तो तिसरा खांब दिसतो ना? तिथे आपली विहीर."

आठ दिवसांत, दोन मीटर खोल, घडीव दगडाच्या तीन पायऱ्या लागल्या. खाडीच्या दिशेने उतरणाऱ्या. त्यांच्यावर साचलेल्या वाळूने शेवटचं ऊन अठराशे सत्तर वर्षांपूर्वी पाहिलं होतं. आता मोजणीला शिबिरातली एक मुलगी होती. वैजयंतीने खड्ड्यात उतरून काम मागून घेतलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी श्रीधर आला. एस.टी.तून उतरून चालत, खांद्याला कापडी पिशवी. वर्षभरात तो वाकला होता. फाटकापाशी उभा राहून म्हणाला, "स्वयंसेवक म्हणून नाव द्यायला आलोय."

मनोहरने त्याला ओळखलं. खड्ड्यातल्या माणसांनीही ओळखलं. एकेकाचा हात थांबला. भिंतीपलीकडे कोळसा उतरवण्याचा खडखडाट तेवढा चालू होता. वैजयंती तिसऱ्या पायरीवर ब्रश धरून उभी होती. दीर काय करील, तिला सांगता येईना. अनंतची चिता जळताना हाच मनोहर लहान मुलासारखा रडला होता.

मनोहरने वहीत नाव लिहिलं. गावाचं नाव विचारलं नाही. मग उठून कोपऱ्यातली बादली आणली.

"खाली पाणी भरतंय," तो म्हणाला. "उपसायला माणूस कमी आहे."

श्रीधरने पिशवी खाली ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शिडीने खाली उतरला. बादल्या हातोहात वर देणाऱ्या रांगेत सगळ्यात खालची जागा रिकामी होती. तिच्या वरची वैजयंतीची. त्याने बादली भरून वर दिली. तिने घेतली, वरच्या माणसाला दिली. रिकामी परत आली, ती खाली दिली. असं किती तरी वेळ चाललं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांच्या माणसाला झेपेल त्याहून तो जास्त भरत होता, हे तिला बादलीच्या वजनावरून कळत होतं.

अकराच्या सुमारास गढूळ पाण्याखालून चौथी पायरी वर आली. हिरवट, ओली, मधोमध झिजलेली. सगळी रांग वाकून बघायला लागली. श्रीधर आणखी खाली जाऊन तिच्यावर पाऊल ठेवणार, इतक्यात वैजयंती म्हणाली,

"दादा, जपून. शेवाळ आहे."